थडग्यावरचा लेख वाचताना

१८८० साली एडिंबरो विद्यापीठातील भूविज्ञानाचे प्राध्यापक आर्चिबाल्ड गाइकी यांनी आपल्या शहरातल्या दफनभूमी पालथ्या घातल्या. त्यांना मृतांच्या नावांशी काही कर्तव्य नव्हते. उघड्यावर पडलेला दगड किती वेगाने झिजतो, हे त्यांना मोजायचे होते. डोंगरातल्या खडकाचा पृष्ठभाग कधी उघडा पडला ते कोणी सांगू शकत नाही. थडग्याच्या दगडावर मात्र तारीख कोरलेली असते आणि तो घडवला तेव्हा त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होता, हेही नक्की असते. म्हणजे दफनभूमी ही एक आयती प्रयोगशाळाच. गाइकींना असे दिसले, की शहरातल्या उघड्या हवेत संगमरवर शंभर वर्षेही नीट तग धरत नाही. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत ग्रेफ्रायर्स दफनभूमीतले जोसेफ ब्लॅक यांचे स्मारक होते. ब्लॅक १७९९ मध्ये वारले. जेमतेम ऐंशी वर्षांत त्यांच्या संगमरवरी फरशीवरची अक्षरे काही ठिकाणी वाचता येईनाशी झाली होती.

हे ब्लॅक कोण, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला नको. 'स्थिर वायू' म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड ओळखणारे ते रसायनशास्त्रज्ञ. हाच वायू पावसाच्या पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल बनते आणि ते संगमरवरातले कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू विरघळवते. दगडी कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने हे काम आणखी वेगाने होते. दगडावर जिप्समचा पापुद्रा तयार होतो आणि तो अक्षरांसकट गळून पडतो. ब्लॅक यांचे नाव पुसण्यात त्यांनीच शोधलेल्या वायूचा हात असावा, हा योगायोग थोडा क्रूर खरा.

गाइकींना ही झीज हवी होती. आपल्या घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याच्या दृष्टीने तीच मोठी अडचण असते. पणजोबांचे नाव, ते वारले ते वर्ष, त्यांच्या वडिलांचे नाव, मूळ गाव ही माहिती बऱ्याच कुटुंबांत आता फक्त एका दगडावर उरलेली असते आणि तो दगड दर पावसाळ्यात थोडा थोडा कोरा होत जातो. हिंदू कुटुंबांना ही वाट बहुधा उपलब्ध नसते, कारण आपल्याकडे दहन होते. वंशावळीसाठी आपण क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांकडे जातो. पण ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू कुटुंबांसाठी थडगे हा इतिहासाचा पहिल्या प्रतीचा पुरावा आहे. तो वाचण्याचेही एक तंत्र आहे आणि त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, कालगणना व लिपी अशा चारही विषयांना काम मिळते.

आपण कोकणातले एक उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यात अलिबागच्या परिसरात बेने इस्राएल समाजाच्या जुन्या दफनभूमी आहेत. फार पूर्वी नवगावजवळ एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, असे त्यांची परंपरा सांगते. बुडालेल्यांना नवगावलाच पुरले, असेही ती सांगते. हे कोणत्या शतकात घडले याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि नवगावच्या त्या आद्य दफनांवर काळ सांगणारा लेख नाही. त्यामुळे तिथे दगड साक्ष देऊ शकत नाही. तिथे परंपराच ऐकायची. पुढे हा समाज कोकणातल्या गावोगावी तेल गाळण्याच्या धंद्यात स्थिरावला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' हे नाव त्यांना पडले. पेणचे ते पेणकर, राजपूरचे ते राजपूरकर, दिव्याचे ते दिवेकर, किहीमचे ते केहिमकर. आडनावातच गाव आले. विसाव्या शतकाच्या मध्याला भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यावर त्यातले बहुतेक तिकडे गेले. त्यांची नातवंडे-पतवंडे आज तिथे मराठी घरांच्या आठवणी जपून आहेत, पण आजोबांच्या आजोबांचे थडगे मात्र कोकणात, गवतात.

इथल्या दगडांवर मराठी आणि हिब्रू अशा दोन भाषा आढळतात, पुढच्या काळात इंग्रजीही येते. आपल्याला वाटेल, की एकच मजकूर दोनदा लिहिला असणार. तसे नसते. मराठी मजकुरात आडनाव, म्हणजे पर्यायाने गाव मिळते. हिब्रूत 'बेन' म्हणजे 'चा मुलगा' किंवा 'बात' म्हणजे 'ची मुलगी' असे म्हणून वडिलांचे नाव येते. शिवाय नावाचे रूपही बदलते. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे घरच्या भाषेत सामाजी हासाजी दिवेकर होते. ज्याला ही जोडी ठाऊक नाही, तो सामाजी आणि सॅम्युएल अशी दोन माणसे वंशावळीत घालील.

सर्वांत जास्त गोंधळ सालाचा होतो. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. पहिल्या नऊ अक्षरांना एक ते नऊ, पुढच्या नऊ अक्षरांना दहा ते नव्वद, आणि शेवटच्या चारांना शंभर ते चारशे. कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. साल लिहिताना हजाराचा अंक बहुधा गाळतात. समजा दगडावर ताव, रेश, त्सादी, हे अशी अक्षरे आहेत. ४०० + २०० + ९० + ५ = ६९५. त्यात गाळलेले ५००० मिळवले, की ज्यू कालगणनेचे ५६९५ हे वर्ष आले. त्यातून ३७६० वजा केले की १९३५. पण थांबा, ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, बेने इस्राएल ज्याला 'नव्याचा सण' म्हणतात त्या सणाला सुरू होते. तेव्हा महिना किस्लेव असेल, तर तो १९३४ चा नोव्हेंबर-डिसेंबर झाला आणि वजा करायची संख्या ३७६१ झाली. आपण शक संवतात ७८ मिळवतो आणि पौष-माघाला ७९, तसाच हा प्रकार.

आता दगड झिजलेला आहे असे धरा. हिब्रूतले 'दालेत' आणि 'रेश' ही अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात; फरक फक्त वरच्या कोपऱ्यातल्या टोकाचा. दालेतची किंमत ४ आणि रेशची २००. कोपरा झिजला, तर १९६ वर्षांची चूक! सुदैवाने इथे एक नियम मदतीला येतो. सालाची अक्षरे मोठ्या किमतीकडून लहान किमतीकडे लिहितात. त्यामुळे शेवटच्या जागी, त्सादीच्या नंतर, रेश येऊच शकत नाही. तिथे दालेतच असणार. 'हे' (५) आणि 'हेत' (८) यांच्या बाबतीत मात्र हा नियम कामाचा नाही, कारण दोन्ही एककस्थानचीच अक्षरे. तिथे वार कोरलेला असेल तर तो पाहायचा, किंवा मराठीतली तारीख पडताळायची.

याच नियमाने आणखी एक सापळा टळतो. थडग्याच्या वरच्या बाजूला बहुधा 'पे' आणि 'नून' ही दोन अक्षरे असतात. 'येथे दफन केले आहे' याचे ते संक्षिप्त रूप. आणि खाली ताव, नून, त्सादी, बेथ, हे अशी पाच अक्षरे असतात. मृताच्या आत्म्याला चिरंतन जीवन लाभो, अशा अर्थाच्या प्रार्थनेची ती आद्याक्षरे आहेत. नवशिक्या माणसाला वाटते, सापडले साल! तो बेरीज करतो, ४०० + ५० + ९० + २ + ५ = ५४७; म्हणजे ५५४७, म्हणजे १७८७. विसाव्या शतकातले थडगे अठराव्या शतकात जाऊन बसते. पण ५० नंतर ९० आले आहेत, उतरता क्रम मोडला आहे, तेव्हा हे साल नव्हे, हे तिथल्या तिथे कळायला हवे. उतरता क्रम मोडणारी खरी सालेही असतात, पण ती ठरावीक आहेत. १५ लिहिताना १० आणि ५ ही अक्षरे एकत्र आणली तर देवाचे नाव तयार होते, म्हणून ९ आणि ६ लिहितात; १६ साठी ९ आणि ७. हा क्रम मात्र उतरताच राहतो, हे लक्षात घ्या. फक्त आपण १० शोधत बसतो आणि तो सापडत नाही.

दोन भाषांतल्या तारखांत एका दिवसाचा फरक आढळला, तर लगेच पाथरवटाला दोष देऊ नये. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्री आठ वाजता गेलेल्या माणसाची इंग्रजी तारीख दहा असली, तर त्याची हिब्रू तिथी अकरा तारखेच्या दिवसाशी जुळेल. किंबहुना असा फरक आढळला, तर मृत्यू सूर्यास्त ते मध्यरात्र या वेळात झाला असावा, असे अनुमान करता येते. दगडावर न लिहिलेली गोष्ट दगड सांगतो ती अशी.

कालगणनेचा असाच मासला सुरतेला आहे. तिथे इंग्रजांची आणि डचांची सतराव्या शतकातली भव्य थडगी आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हा इंग्रज वखारीचे प्रमुख असलेले जॉर्ज ऑक्झेंडन तिथेच १४ जुलै १६६९ रोजी वारले. डच दफनभूमीत 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडी ग्रंथाचे कर्ते हेंड्रिक व्हान रीड यांची कबर आहे. ते १६९१ च्या डिसेंबरात वारले. इंग्रज तेव्हा जुने ज्युलियन पंचांग पाळत होते आणि डच कंपनी नवे ग्रेगोरियन. दोन्हींत दहा दिवसांचे अंतर. ऑक्झेंडन वारले तो दिवस डच वखारीत २४ जुलै होता! एका शहरातल्या दोन दफनभूमींतल्या तारखा शेजारी ठेवून घटनांचा क्रम लावणाऱ्याने हे विसरून चालणार नाही. इंग्रजांनी पंचांग बदलले ते १७५२ मध्ये. त्याआधी त्यांचे कायदेशीर वर्षही २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखांना कधीकधी १७१०/११ असे जोडसाल दिसते.

एवढे सगळे करायचे ते अक्षरे दिसली तर. आणि ती दिसणे हा मुख्यतः उजेडाचा प्रश्न आहे.

लोक दगडासमोर उभे राहतात, सूर्य पाठीशी घेतात आणि फोटो काढतात. असा फोटो हटकून सपाट येतो. समोरून पडलेल्या प्रकाशाने अक्षराचा खोलगट भाग आणि भोवतालचा दगड सारखेच उजळतात, सावली पडत नाही. झिजलेल्या दगडावर रंगाचा फरक उरलेला नसतो. उरलेला असतो तो खोलीचा फरक, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. तो दाखवायचे काम फक्त सावली करू शकते. उठावाचे अक्षर दोन मिलिमीटर उंच असेल आणि प्रकाश दगडाच्या पृष्ठभागाशी ६० अंशांचा कोन करून येत असेल, तर सावली साधारण सव्वा मिलिमीटर पडेल. तोच कोन १० अंश केला, तर सावली ११ मिलिमीटर. खोदलेल्या अक्षरात हीच गोष्ट उलट घडते, खाच सावलीने भरून जाते. म्हणून प्रकाश दगडाला घासत गेला पाहिजे.

आडव्या फरशीसाठी हे सोपे आहे, सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य क्षितिजाजवळ असताना जावे. उभ्या दगडासाठी थोडा विचार करावा लागतो. ख्रिस्ती थडगी परंपरेने पूर्व-पश्चिम असतात, म्हणून लेखाचे तोंड बहुधा पूर्वेला किंवा पश्चिमेला असते. इतर दफनभूमींत होकायंत्राने दिशा पाहून घ्यावी. दगडाचे तोंड पूर्वेला असेल, तर सकाळचा सूर्य समोरून येतो, नकोच. सूर्य माध्यान्हीला येण्याच्या अर्धा तास आधी मात्र त्याचे किरण दगडाशी सात-आठ अंशांचा कोन करतात, आणि काल दिसत नव्हती ती ओळ वर येते. पश्चिमेच्या दगडाला हाच योग माध्यान्हीनंतर. पण माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि अलिबाग ७२.९ अंशांच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे तिथला सूर्य सुमारे ३८ मिनिटे उशिरा डोक्यावर येतो. ऋतुमानाप्रमाणे त्यात पाव तासापर्यंत कमीजास्त होते. नववीच्या वर्गात रेखांश आणि स्थानिक वेळ शिकवताना याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

दगडाचे तोंड उत्तरेला असेल, किंवा तो झाडाखाली असेल, तर एक मोठा आरसा न्यावा. दोघांनी काम करायचे. एकाने उन्हात उभे राहून कवडसा दगडावर तिरपा पाडायचा, दुसऱ्याने फोटो काढायचा. ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी बॅटरी चालते. कॅमेरा तिवईवर पक्का करून, बॅटरी एकेका बाजूने धरून आठ-दहा फोटो घेतले, तर एका फोटोत न दिसणारी रेघ दुसऱ्यात दिसते. आडव्या रेघा वरून येणाऱ्या प्रकाशात उठून दिसतात, उभ्या रेघा बाजूने येणाऱ्या. याच कल्पनेचे संगणकावरचे पुढचे पाऊल २००१ मध्ये हुलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. कॅमेरा न हलवता वेगवेगळ्या दिशांच्या प्रकाशात घेतलेले फोटो एकत्र करून पडद्यावर प्रकाश हवा तिकडून पाडता येतो. पुराणवस्तूंच्या अभ्यासात ही पद्धत आता रुळली आहे. पण शाळेला आरसा पुरतो.

दगडाला हात लावण्याबद्दल मात्र कडक राहावे. अक्षरांत खडू किंवा कोळसा भरणे, पीठ चोळणे, दाढीचा फेस फासणे, तारेच्या ब्रशाने शेवाळ खरवडणे, आम्ल टाकणे हे सारे वर्ज्य. संगमरवर आधीच साखरेसारखा सुटत असतो. ब्रशाच्या एका फटकाऱ्यात पन्नास पावसाळ्यांचे काम होते. साधे स्वच्छ पाणी शिंपडावे. पृष्ठभाग आधी सुकतो आणि खाचा ओल्या, गडद राहतात, त्या काही मिनिटांत वाचता येते. पुरालेखांचा ठसा ओल्या कागदावर घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आणि उत्तम आहे, पण ती जाणकाराने आणि भक्कम दगडावरच वापरावी. समुद्राजवळच्या दगडांत खाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ मुरते. ते स्फटिकरूप होताना दगडाचे कण सुटे करते. बाहेरून धड दिसणारा दगड आतून पोकळ झालेला असू शकतो.

काही संगमरवरी फरशांवर अक्षरे खोदलेली नसून शिशाची बसवलेली असतात. ती बसवताना दगडाच्या पातळीला आणतात. पुढे दगड झिजतो, शिसे तितके झिजत नाही, आणि अक्षर दगडाच्या वर राहते. ही उंची मोजून तिला वर्षांनी भागले, की झिजेचा वेग मिळतो. गाइकींचा प्रयोग विद्यार्थ्यांना करता येतो. शिसे गळून पडले असेल, तर ते रोवण्यासाठी पाडलेली छिद्रे पाहावीत. छिद्रांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येते.

दगड जे सांगतो ते सगळे खरे मानायचे का? नाही. दगड मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीही बसवलेला असू शकतो. पाथरवटाला न येणारी लिपी त्याने कागदावरून उतरवलेली असू शकते. वय सांगणाऱ्या नातेवाइकांना नक्की जन्मसाल ठाऊक नसे, म्हणून पन्नास, साठ, सत्तर अशी गोल वये संशयानेच घ्यावीत. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लँबटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले आणि त्यांची कबर तिथेच आहे. अर्धा भारत सेकंदाच्या अंशापर्यंत मोजणाऱ्या या माणसाचे मृत्यूचे ठिकाण आणि दिवस नक्की, पण जन्मवर्षाबद्दल एकमत नाही. आणि नाव असेल तिथे देह असेलच असेही नाही. खडकीच्या युद्धस्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळातली १,८०० हून अधिक नावे आहेत. ती माणसे भारत-पाकिस्तानातल्या अशा दफनभूमींत पुरलेली आहेत, जिथे त्यांच्या कबरींची निगा राखणे शक्य राहिले नाही.

म्हणून दगडाची गाठ कागदाशी घालावी. चर्चच्या दफन-नोंदवह्या असतात. कंपनीच्या काळात त्यांच्या प्रती मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांतून लंडनला जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मद्रास इलाख्यातल्या थडग्यांवरचे लेख जे. जे. कॉटन यांनी १९०५ मध्ये पुस्तकरूपाने छापले. बेने इस्राएल समाजाचा इतिहास हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला.

काम करताना शिस्त एवढीच. आधी विश्वस्तांची परवानगी. दगडावर ठेवलेले खडे उचलायचे नाहीत, ते भेटीला आलेल्या नातलगांनी ठेवलेले असतात. पहिला फोटो पूर्ण दगडाचा, कॅमेरा दगडाला काटकोनात आणि शेजारी पट्टी, मग ओळीओळीचे. शेजारच्या चार दगडांचे फोटोही घ्यावेत, कारण भाऊ, सून, लहानपणी गेलेले मूल बहुधा जवळच असते आणि आडनाव झिजलेल्या दगडाची ओळख पुष्कळदा शेजारच्या दगडावरून पटते. फोटो असला तरी वहीत मजकूर तिथेच उतरवावा, जशाच्या तशा ओळींत, चुकांसकट. शुद्धलेखन सुधारायचा मोह शिक्षकांना फार होतो. जे अक्षर अंदाजाने वाचले ते चौकटी कंसात, जे वाचता आले नाही तिथे टिंबे. देवनागरी अंकांत १ आणि ९, २ आणि ३ झिजल्यावर एकमेकांसारखे होतात. तिथे दोन्ही शक्यता लिहाव्यात. एक प्रत विश्वस्तांकडे द्यावी, एक शाळेत ठेवावी. पावसाळा संपून गवत कापले गेले आणि दुपारचे ऊन दक्षिणेकडे कलले, की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत कोकणात या कामाला चांगले दिवस असतात.